गोव्याच्या समुद्रात आधी काय राखायचं? प्राधान्य क्षेत्रं ठरवण्याची रीत

गोव्याच्या समुद्रातलं जीवन वाचवायचं म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती ग्रँड आयलंडची प्रवाळं, नाहीतर मोरजीची कासवं. दोन्ही राखायलाच हवीत. पण पेडण्यापासून काणकोणापर्यंतचा जेमतेम १०५ किलोमीटरचा किनारा आणि त्याला मिळणाऱ्या तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग या नद्या एकाच नकाशावर पाहिल्या, की इथल्या समुद्राचं बाळंतपण गढूळ पाण्यात होतं हे ध्यानात येतं. नदीमुखं, चिखलाचे पट्टे, खाजनांच्या (नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनींच्या) बांधापलीकडची खारफुटी. फोटो काढण्याजोगं तिथे काही नसतं, म्हणून ‘काय राखायचं’ या यादीत या जागा नेहमी तळाला जातात.

ती यादी नीट कशी करायची, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग, मच्छीमारांची संस्था यांपैकी कुणालाही हे जमण्यासारखं आहे. तज्ज्ञांची फौज लागत नाही. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक, जीपीएस असलेला मोबाइल, क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं नकाशाचं सॉफ्टवेअर आणि एक अख्खं वर्ष एवढं पुरतं. यातलं वर्षच मिळवणं सर्वांत कठीण.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

‘सागरी जैवविविधतेचं रक्षण’ हा काही प्रश्न होत नाही. कासवांची अंडी घालायची जागा राखायची आहे, सुंगटांची (कोळंबीची) पिल्लं वाढतात तो पट्टा राखायचा आहे, की आपल्या भागात जेवढ्या प्रकारचे अधिवास आहेत त्या प्रत्येकाचा थोडा तरी नमुना टिकवायचा आहे? तिन्हींची उत्तरं नकाशावर वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. चांगलं वाक्य असं असतं: ‘साळ नदीच्या मुखापासून काबो द रामपर्यंत, किनाऱ्यापासून पाच किलोमीटर आतपर्यंत, माशांच्या आणि सुंगटांच्या पिल्लांची वाढ कुठे होते आणि त्यातल्या कोणत्या जागा आधी राखायला हव्यात?’ हद्द, विषय, क्रम, सगळं त्यात आलं.

पाच किलोमीटरच का, तर त्यालाही गोव्यात इतिहास आहे. सत्तरच्या दशकात ट्रॉलर अगदी किनाऱ्याला भिडू लागले तेव्हा किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांनी ते आंदोलन उभं केलं आणि त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. किनाऱ्यालगतची पाच किलोमीटरची पट्टी त्याने पारंपरिक मासेमारीसाठी राखली. म्हणजे गोव्याच्या समुद्रातलं पहिलं प्राधान्य क्षेत्र रापणकारांनीच आखून घेतलं, असं म्हणायला हरकत नाही. त्याची अंमलबजावणी किती होते हा प्रश्न मालिमच्या किंवा कुटबणच्या धक्क्यावर कुणालाही विचारून पाहा.

नकाशा आणि चौकोन

क्यूजीआयएसमध्ये आपल्या हद्दीवर चौकोनांची जाळी टाका. नदीत आणि खाडीत २५० मीटरचे चौकोन, उघड्या समुद्रात एक किलोमीटरचे. प्रत्येकाला क्रमांक द्या. पुढची सगळी माहिती या क्रमांकासमोर लिहायची, म्हणजे जागांची एकमेकींशी तुलना करता येते. नाहीतर बैठकीत ‘आमची खाडी महत्त्वाची’, ‘नाही, आमची’ यापलीकडे गाडी जात नाही.

मग अधिवासांचे थर चढवा: खारफुटी, चिखलपट्टे, खडकाळ किनारा, वाळूचे किनारे, वाळूच्या टेकड्या, खाजनं. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, खारफुटीसाठी तो भरपूर झाला. राज्यभरातली खारफुटी २०२१ च्या वन अहवालात सुमारे २७ चौरस किलोमीटर दाखवली आहे. इतक्या थोड्या क्षेत्रात दोन-चार हेक्टरचा तुकडाही नजरेआड करून चालत नाही. पाण्याखालचा तळ मात्र उपग्रहावरून शोधू नका. लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात जे जमतं ते आपल्या गढूळ पाण्यात जमत नाही. प्रवाळांच्या जागतिक नकाशात आपला चौकोन रिकामा दिसला म्हणून तिथे खडक नाही असं समजू नका.

राष्ट्रीय याद्याही पाहून घ्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. भारतीय वन्यजीव संस्थेने देशाच्या किनाऱ्यावर महत्त्वाची १०६ ठिकाणं काढली, त्यांतली ६२ पश्चिम किनाऱ्यावर आहेत. त्या पातळीवरून तुमच्या वाड्यामागचा तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) चिखल दिसणं शक्यच नाही. तो तुम्हीच दाखवायचा.

फाटलेली जाळी कुठे फाटतात ते विचारा

शास्त्रीय निबंध वाचायच्या आधी मासेमारांकडे जा. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सागरविज्ञान संस्था गोव्यातच आहे, तिच्याकडे मांडवी-जुवारीबद्दल भरपूर लिहिलेलं सापडेल आणि ते वाचायलाच हवं. पण कोणत्या खडकाभोवती गोबरे मासे असतात हे होडीवाल्याला आधी ठाऊक असतं.

विचारायचे कसे, यात कसब आहे. ‘इथे जैवविविधता आहे का?’ असं विचारलंत तर ‘आहे की’ असं उत्तर मिळेल आणि चहा येईल. त्याऐवजी विचारा: गाबोळी (अंडी) भरलेली ‘शेवटी’, म्हणजे बोय मासे, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूला मिळतात? बारीक सुंगटं कोणत्या मानशीजवळ (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) जास्त? कुठे जाळं टाकत नाही, आणि का? हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा. जाळं अडकून फाटतं तिथे खाली खडक असतो, आणि खडकाच्या आसऱ्याला तामसो, गोबरा हे मासे आणि प्रवाळ असण्याची शक्यता. फाटणाऱ्या जागा चौकोनांवर मांडल्या की पाण्याखालच्या खडकांचा अर्धा नकाशा हातात येतो.

बायकांची बैठक वेगळी घ्या. ओहोटीला तिसऱ्या आणि खुबे काढायला त्याच जातात, आणि पुरुषांसमोर बऱ्याचदा बोलत नाहीत. म्हाताऱ्यांना आणि विशीतल्या पोरांनाही वेगवेगळं विचारा. पंचवीस वर्षांच्या मुलाला आजची स्थिती हीच मूळ स्थिती वाटते. दोघांच्या उत्तरांतला फरक म्हणजे त्या चौकोनात काय हरवलं याची नोंद. माशांची रंगीत चित्रं सोबत ठेवा, कारण पेडण्यातलं नाव काणकोणात बदलतं. आणि नोंदवहीत आधीच लिहून टाका की जागा कुणी सांगितली हे बाहेर जाणार नाही. मासे मिळायची जागा हा माणसाचा धंदा आहे.

ऋतू चुकला तर नकाशा चुकला

जूनमध्ये पाऊस लागला की नद्यांच्या वरच्या थरातली खारटपणाची पातळी कोसळते, मार्च-एप्रिलमध्ये मात्र खारं पाणी मांडवीत कित्येक कोस वर चढलेलं असतं. एकाच चौकोनात सहा महिन्यांत दोन वेगळी जगं नांदतात. समुद्रातही तेच. पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोलवरचं कमी प्राणवायूचं पाणी वर येत किनाऱ्याजवळ पोचतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. सागरविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या एका ठिकाणी १९९७ पासून हे सातत्याने मोजत आली आहे. त्या दिवसांत तळाचं सर्वेक्षण केलंत तर चौकोन ओसाड दिसेल, आणि जानेवारीत तोच भरलेला असेल.

म्हणून प्रत्येक चौकोन निदान तीनदा पाहा: पावसाळा सरता सरता, थंडीत आणि एप्रिल-मेमध्ये. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत समुद्रावर जाता येत नाही, पण तेव्हाच कित्येक मासे अंडी घालतात. त्या काळासाठी लोकांची आठवण आणि बंदी उठल्यावर पहिल्या आठवड्यातली धक्क्यावरची मासळी यांवरच भागवावं लागतं.

पायाखालचं मोजणं

खडकाळ किनाऱ्याचं उदाहरण घेऊ, हणजुण्याचा खडक धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, कोष्टकात ओहोटी ०.३ मीटरपर्यंत किंवा त्याखाली दाखवली असेल तो दिवस निवडा आणि त्या वेळेच्या तासभर आधी पोचा. भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या दिशेने ५० मीटरची टेप सरळ टाका. दर पाच मीटरवर पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट ठेवायची. तिच्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या बांधून २५ घरं केलेली असतात, एक घर म्हणजे चार टक्के. चौकटीचा वरून सरळ फोटो घ्या आणि काय किती घरांत आहे ते लिहा.

वरच्या टप्प्यात बारीक गोगलगायी आणि खडकाला चिकटलेली बार्नेकल, मग कालवं, त्याखाली हिरवट-तपकिरी गालिच्यासारखे झोआंथिड (प्रवाळांचे मऊ नातलग) आणि शेवटी डबक्यांतली समुद्रफुलं, खेकडे, कधी एखादी रंगीत कवचहीन गोगलगाय. पाच घरांत सापडलं की सात लिहावंसं वाटतं, तो मोह आवरा. दगड उलटलात तर तसाच पुन्हा ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली अंडी उन्हात वाळतात. शेवाळावर पाय घसरतो म्हणून एकट्याने जाऊ नका, भरती वळली की निघा.

चिखलात चौकट लहान: २५ सेंटिमीटरची, २० सेंटिमीटर खोल. सगळा चिखल एक मिलिमीटरच्या चाळणीतून धुवून काढायचा. शिंपल्यांची नुसती संख्या लिहून थांबू नका, लांबीही मोजा. बारीक शिंपल्यांची रेलचेल असेल तर ती वाढीची जागा आहे. मोठ्याच असतील आणि पिल्लं नसतील तर तिथे काहीतरी बिघडतंय. चिखलावर बोटाच्या पेराएवढ्या पानांची हिरवळ दिसली तर तण म्हणून सोडू नका. हॅलोफिला बेकारी हे सागरी गवत असंच दिसतं आणि ते जागतिक लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेलं आहे.

वाळूवर नोव्हेंबर ते एप्रिल पहाटे चाला, माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत. ऑलिव्ह रिडले कासवाच्या वाळूवरच्या मागात डाव्या-उजव्या वल्ह्यांचे ठसे आळीपाळीने पडतात. जागेची नोंद करा, घरटं उकरू नका, वनखात्याला कळवा. मागे मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा वाढलेल्या टेकड्या शाबूत आहेत का, आणि हॉटेलचे दिवे वाळूवर पडतात का, हे दोन रकाने मात्र हमखास भरा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे कागदोपत्री कासवांचे आहेत. तिथे आता काय उरलंय ते या रकान्यांवरून कळतं.

डॉल्फिनसाठी होडी लागत नाही. उंच टेकाडावरून दुर्बीण लावून रोज ठरावीक तास बसलं तरी कुबडे डॉल्फिन कुठे चरतात ते कळतं. सहलीच्या होड्या त्यांच्यामागे किती वेळ फिरतात तेही त्याच वहीत लिहा.

सात निकष, पण बेरीज नको

२००८ मध्ये जर्मनीतल्या बॉनला जैवविविधता कराराच्या बैठकीत समुद्रातल्या महत्त्वाच्या जागा ओळखायचे सात निकष ठरले: दुर्मिळता, जीवनचक्रातल्या एखाद्या टप्प्यासाठीचं महत्त्व, संकटग्रस्त जातींचा वावर, नाजूकपणा व सावरायला लागणारा वेळ, उत्पादकता, विविधता आणि नैसर्गिकपणा. प्रत्येक चौकोनाला प्रत्येक निकषावर शून्य ते तीन गुण द्या, आणि गुणासमोर पुरावा कोणता ते लिहा: पाहिलं, ऐकलं की वाचलं.

निकष जसेच्या तसे घेऊ नका, गोव्याच्या मापाने घ्या. किनारा नियमनाच्या (सीआरझेडच्या) यादीत नालाकृती खेकड्यांच्या जागांचा उल्लेख असतो, आणि आपल्याकडचे अहवालही तो रकाना इमानेइतबारे भरतात. तो प्राणी ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावरचा. उलट जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे पातळ अर्धपारदर्शक शिंपले लावलेले दिसतात, त्यांचे जिवंत थर जुवारीत चिखली-नावशीच्या बाजूला नोंदले गेले आहेत. दुर्मिळतेचे तीन गुण द्यायचे तर तिथे. कुंभारजुव्याच्या कालव्यात भरती-ओहोटीच्या पाण्यात राहणाऱ्या मगरी आणि चोडणच्या खारफुटीतली पाणमांजरंही अशीच, ‘सागरी’ यादीत कुणाला आठवत नाहीत.

आता महत्त्वाचं. सगळ्या गुणांची बेरीज करून वरचे दहा चौकोन उचलणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे, आणि ती फसवते. एक कल्पित उदाहरण घ्या. ‘क’ आणि ‘ख’ हे शेजारचे खडकाळ चौकोन, दोघांना १५ गुण, दोन्हीकडे तेच २० प्रकारचे जीव. ‘ग’ हा चिखल, ८ गुण, त्यात फक्त ६ प्रकारचे जीव, पण त्यांतला एकही क-ख मध्ये नाही. दोनच राखता येत असतील तर क आणि ग घ्यायला हवेत, २६ प्रकार सुरक्षित होतात. बेरजेने क आणि ख आले असते, आणि हाती २०च राहिले असते. नव्या चौकोनाला त्याने आधीच्या निवडीत काय नवं घातलं यावरून तोलायचं. शंभरापर्यंत चौकोन असतील तर हे कागदावर होतं. त्यापलीकडे मार्क्सान हे सॉफ्टवेअर वापरा, तेही फुकट आहे. मात्र एकदा हाताने केल्याशिवाय त्याच्याकडे जाऊ नका, नाहीतर सभेत ‘हाच चौकोन का?’ याचं उत्तर देता येणार नाही.

टक्केवारीच्याही मागे लागू नये. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जगाने २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखायचं ठरवलं. असा आकडा समोर असला की ज्या जागेवर कुणाचाच डोळा नाही ती आधी यादीत घातली जाते, कारण तिथे भांडण होत नाही.

जोडलेल्या जागा एकत्र घ्या

चोणक या माशाकडे पाहा. तो नदीत आणि खाडीत वाढतो, अंडी घालायला मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात उतरतो, पिल्लं पुन्हा खारफुटीत आणि खाजनाच्या कडेला शिरतात. शिवाय तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. बाजारात सगळ्यांना हवा असतो तो मोठा चोणक, म्हणजे मादी. फक्त खारफुटी राखली आणि मुखाशी पावसाळ्यात आडवी जाळी लागली तर राखण फुकट. सुंगटांचंही असंच: अंडी समुद्रात, वाढ खाडीत.

म्हणून शेवटच्या यादीत सुटे चौकोन नकोत, साखळ्या हव्यात: खारफुटी, तिच्यापुढचा चिखल, नदीमुख, त्यासमोरचा खडक. त्यात खाजनंही येतात. मानशीचं दार कुणाच्या हातात आहे आणि ते कधी उघडतं, यावर कित्येक माशांच्या पिल्लांचा प्रवेश ठरतो. कोळसा-खनिजाची वाहतूक, गाळ उपसणं, सांडपाणी, एलईडी दिव्यांची मासेमारी हे धोके साखळीच्या ज्या कडीवर येतात तिथे लाल खूण करा. धोका मोठा म्हणून जागा आपोआप पहिली ठरत नाही. जिथे पर्यायी जागा नाही आणि धोका अजून रोखता येण्याजोगा आहे, ती पहिली.

पाटी कोणती लावायची

शेजारच्या मालवणात १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून आहे आणि अभयारण्य बहुतांशी कागदावर राहिलं. जागेची निवड वाईट नव्हती, लोकांना विचारायचं राहिलं. खरं तर वन्यजीव संरक्षण कायदाच सांगतो की प्रादेशिक समुद्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याचं हित जपायला हवं.

अभयारण्य हा एकच मार्ग नाही, आणि माझ्या मते गोव्यात तो शेवटचा असावा. खारफुटी, वाळूच्या टेकड्या, प्रवाळ, कासवांच्या जागा, सागरी गवत हे किनारा नियमनाच्या सर्वांत कडक वर्गात आधीच बसतात. किनारी व्यवस्थापन आराखड्यात ती जागा दाखवलेली नसेल तर जाहीर सुनावणीत तुमचा नकाशा आणि फोटो लेखी हरकतीसोबत द्या. या कामातून सर्वांत लवकर फळ इथेच मिळतं. सरकारी जागेसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यात लोकांशी सल्लामसलत सक्तीची असते. जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली वारसा स्थळ हाही मार्ग आहे, त्यात पंचायतीचा शब्द चालतो. आणि नुसती ‘या मुखाशी या दोन महिन्यांत आडवी जाळी नको’ एवढी हंगामी बंदी हवी असेल तर १९८० च्या मासेमारी कायद्याखाली मत्स्यखात्याकडे जा. चोणकासाठी ती अभयारण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

ग्रामसभेत नेताना दोन नकाशे करा. जाहीर नकाशात साखळ्यांच्या ढोबळ हद्दी. तिसऱ्यांचे नेमके थर, प्रवाळाचे खडक, पाणमांजरांची बिळं आणि होडीवाल्यांनी सांगितलेल्या जागा दुसऱ्या नकाशात, तो समितीच्या कुलपात. समाजमाध्यमांवर एका खडकाचं ठिकाण गेलं की पुढच्या रविवारी तिथे दहा होड्या नांगर टाकतात. पुराव्याचा रकानाही नकाशासोबत जोडा आणि फक्त ऐकीव आधारावरचे चौकोन वेगळ्या रंगात ठेवा, म्हणजे हरकत घेणाऱ्याला आधी तुमच्याकडूनच ते कळेल.

समितीची मुदत संपते, प्राध्यापक बदलून जातात, आणि वह्या कुणाच्यातरी कपाटात पडतात. म्हणून माहितीची एक प्रत पंचायतीत, एक राज्य जैवविविधता मंडळाकडे आणि एक कॉलेजच्या ग्रंथालयात आजच द्या. चौकटी टाकल्या त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि तारखा पहिल्या पानावर हव्यात. तीन वर्षांनी त्याच ओहोटीला, त्याच चौकटी पुन्हा टाकायच्या आहेत.